लाल दोऱ्याचा पेला

माझा दादा कापड कापायचं मशीन सुरू करण्याआधी बटणावर हात ठेवून थांबतो, डावा कान हॉलकडे वळवतो आणि मोठ्याने विचारतो, "कोणाला खोकायचंय का?"

नव्या मुली खाली मान घालून फिदीफिदी हसतात. हल्लीच लागलेल्या एकीने तर मला गाठून विचारलं, "मास्तरांचा एखादा स्क्रू ढिला आहे का हो?" मी म्हटलं, "तुझ्या मशीनचा ढिला आहे, तो आधी आवळ. टीप सुटतेय." माझी जीभ तिखटच आहे, तिला औषध नाही. पण त्या पोरीचं तरी काय चुकलं? केस पिकलेला माणूस दिवसभर लोकांना खोकायचं आमंत्रण देत फिरतो, हे बघून कोणालाही हसूच येणार. मलाही आलं असतं, टाचणी माझी भाची नसती तर.

टाचणी म्हणजे दादाची मुलगी, एकुलती एक. कागदावरचं नाव वेगळं होतं, पण अंगाने इतकी बारीक आणि बोलायला इतकी टोकदार, की मीच तिला टाचणी म्हणायला लागले आणि शाळेचा पट सोडला तर तेच नाव सगळीकडे चिकटलं. ती आता नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवून रडवणं मला जमत नाही. मला दादाविषयी सांगायचंय. ज्या माणसाने आमचा अख्खा हॉल आजारपणापासून जपला, त्याच्याच टेबलापाशी उभी राहून त्याची पोर दिवसेंदिवस खंगत गेली आणि त्याला पत्ता लागला नाही. तो का लागला नाही, एवढंच सांगते.

आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढून आत आलं की एका बाजूला ओळीने शिलाई मशीनं, मागे काज-बटणाची छोटी खोली, तिथे मी बसते, आणि मधोमध दादाचं टेबल. टेबल कसलं, रस्ताच तो. त्यावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर आखलेला कागद ठेवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन त्यातून फिरवायचं. एका दमात शंभर बाह्या कापून निघतात. हे काम करणारा तो कटिंग मास्तर. त्याचा हात चुकला तर शंभरच्या शंभर बाह्या वाया, म्हणून मालकही त्याच्याशी जपून बोलतो.

आमच्याकडे येतं ते जास्त करून अस्तराचं कापड. पातळ, गुळगुळीत, फुंकर मारली तरी उडेल असं. वारा आला की थर सरकतो, थर सरकला की माप चुकतं. म्हणून हॉलच्या खिडक्या कायम बंद असायच्या. नुसत्या लावलेल्या नाहीत, खिळे ठोकून बंद. टेबलावरचा पंखाही काढून टाकलेला. घामाने निथळायचं, पण खिडकीचं नाव काढायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ते मशीन सुरू झालं की असं घरघरतं, की शेजारणीचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. इतकी वर्षं त्याच्यावर वाकून दादाचा उजवा कान गेल्यातच जमा आहे. मला त्याच्याशी भांडायचं असेल तेव्हा मी डाव्या बाजूला जाऊन बसते.

माझी वहिनी, म्हणजे टाचणीची आई, याच हॉलमध्ये शिलाईला होती. तेव्हा जिन्याच्या तोंडाशी पाण्याचं एक उघडं पिंप असायचं आणि त्याला साखळीने बांधलेला एकच पेला. ज्याला तहान लागेल त्याने मनगटापर्यंत हात बुडवून पेला भरायचा, प्यायचा आणि लोंबता सोडायचा. एका उन्हाळ्यात धागे कापणारीचे डोळे पिवळे दिसायला लागले. मग इस्त्रीवाल्याचे, मग वहिनीचे. बाकीची माणसं कावीळ काढून उठली. वहिनी पोटुशी होती, तिला ती झेपली नाही. पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं. टाचणी तेव्हा माझ्या कडेवर बसून "आई कधी येणार" म्हणून माझे केस ओढत होती.

दादा कामावर परत आला तो थेट पिंपापाशी गेला. दोन्ही हातांनी उचलून त्याने ते जिन्यावरून खाली ढकलून दिलं. पाणी पायरीपायरीने खाली गेलं आणि मालक "अहो मास्तर, अहो मास्तर" करत कोरड्या कोपऱ्यात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी झाकणाचं आणि तोटीचं नवं पिंप आलं. पाणी उकळून, गाळून दादा स्वतः भरायचा. साबण आला. भिंतीवर खिळ्यांची रांग लागली आणि प्रत्येकाला स्वतःचा पेला मिळाला. ओळखू यावा म्हणून प्रत्येक पेल्याच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि दोऱ्याच्या गाठी दादाने स्वतः मारलेल्या. माझा जांभळा. मी म्हटलं, "दादा, मला जांभळा आवडत नाही." तो म्हणाला, "पाणी आवडतं ना? मग पी."

एक पेला मात्र कोणाचाच नव्हता. त्याला लाल दोरा होता. ज्याला ताप, उलटी, जुलाब, खोकला, काहीही होईल त्याने तो पेला घ्यायचा, आपलं मशीन सोडायचं आणि बरं होईपर्यंत बाहेर जिन्यातल्या बाकड्यावर बसून धागे कापायचे. मशीन रिकामं ठेवता येत नाही, तेव्हा त्यावर दुसरी बसायची. नियम सगळ्यांना सारखा.

आणि नियम लागू पडला, हेही मी सांगते. पुढे दोनदा आसपास कावीळ आली, वस्तीतल्या घराघरांत माणसं पिवळी झाली, पण आमच्या हॉलचा उंबरा तिने ओलांडला नाही. शेजारच्या कारखान्यांचे मालक येऊन आमच्या पेल्यांची रांग बघून जायचे. दादाने कधी फुशारकी मारली नाही. त्याच्या वाटची मी मारायची.

पण लाल पेला एकदा हातात आला की माणसाची ओळखच तो पेला व्हायची. कॉलर बसवणारी एक बाई होती, तिच्यासारखी कॉलर त्या भागात कोणी बसवत नसे. तिला खोकला लागला. दादाने तिला पेला दिला, अगदी अदबीने दिला, आणि ती बाकड्यावर गेली. खोकला काही हटेना. जिन्यावरून येता-जाता बायका नाकाला फडकं लावायच्या. तिच्या मशीनवर दुसरी बसली ती बसलीच. एक दिवस ती आली नाही, मग आलीच नाही. तो खोकला कसला, ती गेली कुठे, कोणी चौकशी केली नाही. पेला राखेने घासून, उकळून परत खिळ्याला लागला. बाकीच्या बायका मात्र शहाण्या झाल्या. खोकला आला तरी तो मास्तरांच्या कानावर जाता कामा नये, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. मी पडले मास्तरांची बहीण, तेव्हा माझ्याही कानावर नाही.

याच सुमारास टाचणी कामाला आली. आम्हाला वाटलं, आईसारखी शिलाईला बसेल. ती म्हणाली, "मी कापणार." बाईने कटिंगचं मशीन धरलेलं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मालक म्हणाला, "हात कापून घेशील." ती म्हणाली, "माझाच कापीन, तुमचा नाही." दादाने आधी कपाळाला हात लावला, मग आठवडाभर विचार केल्याचं नाटक केलं आणि शेवटी तिला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं.

सुरुवात थर लावण्यापासून. कापड ओढायचं, हाताने सुरकुती काढायची, चारही कडा जुळवायच्या. सगळं बिनचूक झालं की तिने ओरडायचं, "चालवा, बाबा!" आणि मगच दादा बटण दाबायचा. तिच्या हुकमाशिवाय नाही. मालकाला न जुमानणारा माणूस या काडीच्या पोरीच्या शब्दावर अडून उभा राहायचा, आणि त्याला त्यात इतका आनंद वाटायचा की ओठ मिटून हसू दाबायचा. कापताना घालायचा लोखंडी जाळीचा हातमोजा असतो, तो त्याने तिच्या मापाचा लहानसा बनवून घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. मला म्हणाला, "पुढच्या हंगामात तिच्या हातात मशीन देतो. तिला आत्ताच सांगू नकोस." मी अर्थातच त्याच संध्याकाळी सांगितलं. टाचणी माझ्या गळ्यात पडली आणि मग तिनेही माहीत नसल्याचं नाटक चालू ठेवलं. तिघांनाही त्या मशीनचे डोहाळे लागले होते म्हणा ना.

मग ती आणखी बारीक झाली. पण टाचणीने बारीक होऊन किती व्हायचं? कोणाच्या लक्षात यावं असं तिच्या अंगावर आधीच काही नव्हतं. डबा अर्धा परत जायचा. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, बाबांच्या हातचं आहे. संपवायला धाडस लागतं." घरी तिने आपलं अंथरूण दादाच्या उजव्या बाजूला हलवलं. डावीकडच्या भिंतीला ओल आहे म्हणाली. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "खिडक्या बंद आहेत म्हणून बरं. नाहीतर कापडाच्या आधी तूच उडून जायचीस." ती हसायला लागली आणि हसता हसता तोंडावर हात दाबून जिन्याकडे पळाली. मला वाटलं, माझा विनोद जमला.

आणि तिचं ते "चालवा, बाबा!" दिवसेंदिवस घाईचं होत गेलं. पूर्वी ती कडा दोनदा तपासायची. आता थर पडला न पडला की हाक. दादा मला कौतुकाने सांगायचा, "काय झपाट्याने हात बसलाय गं तिचा! मला दम खाऊ देत नाही."

एका सकाळी असंच तिने "चालवा" म्हटलं, दादाने बटण दाबलं, पातं कापडात शिरलं, आणि वीज गेली.

हॉलमधली सगळी मशीनं एकदम थांबली. इतकी शांतता आम्ही कामाच्या वेळात कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत खोकला होता. एकीचा नव्हे, चार-पाच जणींचा. मशीनच्या घरघरीत सुरू केलेला खोकला दिवा लागताच चोर सापडावा तसा उघडा पडला. बाकीच्यांनी तो तिथल्या तिथे गिळला. टाचणीला गिळता आला नाही. मी माझ्या खोलीतून बाहेर आले तेव्हा ती टेबलाची कड धरून वाकली होती, तोंडाशी अस्तराचा पांढरा तुकडा होता, आणि तो पांढरा राहिला नव्हता.

कोणी तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्या भिंतीवरच्या त्या खिळ्याकडे बघत होत्या. आणि मग दादाकडे.

दादाचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर काहीच नव्हतं. तो भिंतीपाशी गेला. लाल दोऱ्याचा पेला काढला, तोटीखाली धरला, काठोकाठ भरला आणि आपल्या लेकीपुढे धरला. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. टाचणीने दोन्ही हातांनी पेला घेतला, मान हलवली आणि हळूहळू चालत बाहेर जाऊन बाकड्यावर बसली.

मी किंचाळले. "दादा, पोर आहे ती तुझी! रक्त दिसत नाही का तुला?"

तेव्हा तो भानावर आला. धावत बाहेर गेला, तिला उचललं आणि जिना उतरायला लागला. मधल्या वळणावर थांबून मला म्हणाला, "हिचं वजन कुठे गेलं गं?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयाने लहान, बोलायला सरळ. टीबी आहे म्हणाल्या, दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, खूप दिवसांचं दुखणं आहे. "आधी आणलं असतं तर गोळ्यांवर बरी झाली असती. कित्येक महिने घ्याव्या लागतात, पण माणूस बरा होतो. आत्ता प्रयत्न करू."

दादाला ते पटेना. "पण बाई, तिचा पेला वेगळा आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यांचे पेले वेगळे आहेत. पाणी मी स्वतः उकळतो. तिला होईल कसा?"

"हा पाण्याने होत नाही, काका. पेल्यानेही नाही. आजारी माणूस खोकला की हवेतून जातो. खोली बंद असली की ती हवा तिथेच फिरत राहते, आणि तीच सगळे घेतात. तुमच्या हॉलला खिडक्या आहेत ना?"

"आहेत," दादा म्हणाला. "मी खिळे मारलेत."

नंतर तो बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत बसला. पाण्याने बायको नेली म्हणून त्याने जन्मभर पाण्यावर पहारा केला. दुसरं दुखणं दुसऱ्या वाटेने आलं आणि ती वाट त्यानेच आतून बंद करून ठेवली होती. एखाद्याच्या नशिबी असली थट्टा यावी का? मला त्या दिवशी कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि समोर कोणीच नव्हतं.

टाचणी थोडे दिवस होती. एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. दादा तोंडावर मास्क बांधून तिच्या खाटेशी बसला होता. त्याने तिला विचारलं, "इतके दिवस मला कळलं कसं नाही गं?"

ती हसली. "तुम्हाला कळू नये म्हणूनच तर 'चालवा' म्हणायचे ना."

दादाला नीट ऐकू आलं नाही की ऐकून कळलं नाही, देव जाणे. ती पुन्हा, सावकाश म्हणाली, "मशीन सुरू झालं की खोकता यायचं, बाबा. सगळ्याच तेव्हा खोकायच्या. कोणाला फार आला की ती माझ्याकडे बघायची, मग मी घाईने ओरडायचे."

"पण का? मी मारलं असतं का तुला?"

"मारलं नसतं. पेला दिला असता."

"अगं, मला घरी तरी सांगायचंस."

"मग बाकड्यावर बसवलं असतं. माझी जागा दुसऱ्याला दिली असती."

"नसती दिली. तुझी कशी दिली असती?"

"दिली असती, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही नियम मोडत नाही. म्हणून तर सगळे तुम्हाला मानतात." यात टोमणा नव्हता. ती हे अभिमानाने बोलत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. टोकदार बोलली असती तर मी सहन केलं असतं.

मग तिने मला विचारलं, "आत्या, तो हातमोजा अजून खणातच आहे ना?" मी म्हटलं, "आहे. कोण घालणार तो? तुझ्याएवढा हात आहे का कोणाला?" तिला ते उत्तर आवडलं.

ती गेली तेव्हा दादा पाणी आणायला गेला होता. परत आला तो हातात भरलेला पेला घेऊन. मी उठून उभी राहिले, तेव्हाच त्याने ओळखलं. पेला ठेवायला त्याला जागा सुचेना. खाटेजवळ स्टूल होतं, पण तो पेला हातात धरूनच उभा राहिला, सांडू नये म्हणून जपत. शेवटी मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पुढे डॉक्टरीणबाईंनी हॉलमधल्या सगळ्यांना तपासून घेतलं. काही जणींना निघाला. त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि नेमाने घेतल्या तशा त्या सगळ्या बऱ्या झाल्या. गोळ्यांनी काही आठवड्यांत खोकल्यातून पसरायचं थांबतं, मग डॉक्टरांच्या परवानगीने कामावर येता येतं, हे बाईंनी समजावून सांगितलं. दादाने एकेकीच्या घरी जाऊन निरोप दिला की तुझं मशीन तुझंच आहे, डॉक्टर हो म्हणाले की ये. कॉलरवालीचाही त्याने पुष्कळ शोध घेतला. ती सापडली नाही.

मग त्याने पक्कड घेतली आणि खिडक्यांचे खिळे उपटले. वर्षानुवर्षांचे गंजलेले खिळे, एकेक उपटताना किंकाळी फोडत होते. खिडकी उघडली, वारा आत आला आणि टेबलावरचं अस्तर भुर्रकन उडून मालकाच्या अंगावर पडलं. मालक कापडाखालून ओरडला, "मास्तर, धंदा बुडवता का माझा?" दादाने खाली जाऊन प्लायवूडच्या फळ्या आणल्या, टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूने कमरेहून उंच आडोसा उभा केला, थरांच्या कडांवर लोखंडी वजनं ठेवली. कापड जागचं हललं नाही. सकाळी सुरू केलेलं काम जेवणाच्या सुट्टीच्या आत संपलं.

वर्षानुवर्षं जे होणं शक्य नाही म्हणत होतो ते जेवणाच्या आत झालं. दादाने आडोशाला हात लावून तो हलतो का बघितलं. मग तिथेच खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. टाचणी गेल्यानंतर तो पहिल्यांदा रडला तो असा, फळ्यांना टेकून. बायका मशीनं थांबवून बसून राहिल्या आणि खिडकीतून वारा येत राहिला.

पेल्यांची रांग अजून आहे, पाणी अजून उकळतं. ते बरोबरच होतं आणि आहे. जिन्यातलं बाकडं मात्र त्याने आत आणून खिडकीखाली ठेवलं, आता सगळे त्यावर बसून चहा पितात. लाल दोरा त्याने त्या पेल्याचा सोडला आणि स्वतःच्या पेल्याला बांधला. मी भांडले त्याच्याशी. डाव्या बाजूला बसून भांडले. "स्वतःला असं डागून घेतल्याने पोर परत येणार आहे का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग कशाला?"

"पाणी प्यायला." माझाच भाऊ तो, त्याला कोण बोलणार?

आणि तेव्हापासून मशीन सुरू करण्याआधी त्याचा तो प्रश्न. थर आता एक बाई लावते, चांगलं लावते, पण "चालवा" म्हणायला तिला त्याने मना केलंय. तो आपणच थांबतो, कान वळवतो, विचारतो. कोणी उत्तर देत नाही. कोणी हसतं. तो जरा वेळ वाट बघतो आणि बटण दाबतो.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी खोलीच्या दारात बटणांची पिशवी घेऊन उभी होते. दादाने विचारलं, "कोणाला खोकायचंय का?" ती स्क्रूची चौकशी करणारी मुलगी या वेळी हसली नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे दादाच्या हाताकडे लागले होते. बटणावरच्या बोटाकडे. ते बोट खाली जायची ती वाट बघत होती.

दादाने ते बघितलं. आणि त्याने हात बटणावरून काढला.

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. थर तयार होता, काम खोळंबलं होतं. मालक केबिनमधून डोकावला. दादा नुसता उभा होता, हात बाजूला सोडून. मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिने ओढणी तोंडात कोंबली, आणि मग तो खोकला आलाच. आला तो थांबेना. सगळ्या हॉलने ऐकला.

दादा भिंतीपाशी गेला. तिचा पेला काढला, तिचाच, पिवळ्या दोऱ्याचा. भरून आणला. तिला खिडकीखालच्या बाकड्यावर बसवलं आणि खोकला ओसरेपर्यंत शेजारी उभा राहिला. मग अगदी हळू विचारलं, "कधीपासून गं?"

"झाले पंधरा-वीस दिवस, मास्तर," ती म्हणाली. एवढंच. विचारलं आणि सांगितलं. मग एकदम रडकुंडीला येऊन म्हणाली, "माझं मशीन दुसरीला देऊ नका ना."

दादाने खिशातला खडू काढला. तिच्या मशीनपाशी गेला आणि बसायच्या स्टुलावर ठळक फुली मारली. "ही फुली तू येऊन पुसायची," म्हणाला. "तोपर्यंत तिथे कोणी बसणार नाही." आणि केबिनकडे बघून तेच पुन्हा म्हणाला, मोठ्याने.

आम्ही दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेलो. तपासणीला दिलं, तिच्या आईला बोलावून तिच्या स्वाधीन केलं. जे काही असेल ते लवकर लक्षात आलंय, काळजी करू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादाने ते मला तीनदा विचारून खात्री करून घेतली, लवकर म्हणाल्या ना, लवकरच म्हणाल्या ना.

मग आम्ही दोघं घरी परतत होतो. रस्त्यात दुकानं बंद होत होती, शटर ओढल्याचे आवाज येत होते. कोपऱ्यावर तो थांबला.

"मी विचारलं, आणि तिने सांगितलं," तो म्हणाला. "एवढं सोपं होतं का गं ते?"

मी त्याच्या डाव्या बाजूला होते. "उद्या लवकर निघू," म्हटलं, "ती फुली कोणी पुसली नाही ना, ते बघायला हवं."